मराठी कूटकोड्यासाठी वचनं कशी निवडावीत? (ठाणे, मराठी भाषा गौरव दिन)

कोपरीकर | शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी.

आमच्या सोसायटीत २७ फेब्रुवारीचा कार्यक्रम ठरलेला असतो: दीपप्रज्वलन, कवितावाचन, एक लांबलेलं भाषण आणि मग अल्पोपाहार. यंदा कमिटीने 'काहीतरी खेळ ठेवा' असं म्हणून ते काम माझ्याकडे ढकललं आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांत क्रिप्टोग्राम नावाचं कोडं येतं, तसं मराठीत करायचं डोक्यात आहे. एक वचन घ्यायचं, त्यातल्या प्रत्येक व्यंजनाच्या जागी दुसरं व्यंजन टाकायचं. एका कोड्यात क च्या जागी म आला तर शेवटपर्यंत मच. काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार जसेच्या तसे. शब्दाच्या सुरुवातीचे अ, आ, उ वगैरे स्वरही उघडे. लोकांनी मूळ वाक्य शोधायचं.

नमुना: केंजे केंजे महे टावे

फेब्रुवारीभर रोज एक कोडं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार, आणि २७ ला हॉलमध्ये छापील कागदांवर अंतिम फेरी. जमलं तर भाचा त्याचा फोनवरचा खेळ करून देणार आहे.

मला तीसेक वचनं लागतील. सुविचारांची एक यादी जमवली आहे, पण ती वाचताना शाळेतल्या फळ्यासमोर उभं असल्यासारखं वाटतं. संतवचनं, म्हणी, घोषणा, कवितेच्या ओळी यांतलं काय घ्यावं, काय टाळावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

उपाशी बोका | शनिवार, रात्री १०.४९

थेंबे थेंबे तळे साचे. तलावपाळीवर भेळ खाता खाता सुटलं.

पहिले दोन शब्द सारखे दिसले की मराठी माणूस आधी म्हण आठवतो. अल्पोपाहारात काय आहे ते लिहिलं नाहीत.

---

टंकनदोष | शनिवार, रात्री ११.२०

धागा आवडला. कोपरीकर, अर्थाकडे वळण्याआधी वचनाची मोजदाद करा. मराठीत हा खेळ जमतो की फसतो ते तिथेच ठरतं.

काही जण असलं कोडं पूर्ण अक्षर बदलून करतात, म्हणजे 'के' ला एक चिन्ह, 'का' ला दुसरं. समर्थांचं 'केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे' घ्या. अक्षरं १६. त्यातली वेगळी किती? १४. फक्त 'के' आणि 'आ' दोनदा येतात. सोळा चौकटींत चौदा चिन्हं असतील तर ब्रह्मदेवालाही सुटायचं नाही. तुम्ही व्यंजनं बदलून मात्रा उघड्या ठेवताय ते उत्तम. तसं मोजलं तर याच ओळीत १५ व्यंजनं, वेगळी ११. तरीही अवघडच.

आता तुकोबांचं 'आम्हां घरी धन शब्दांचीच रत्ने, शब्दांचीच शस्त्रे यत्न करू'. व्यंजनं २८, वेगळी १४. प्रत्येक व्यंजन सरासरी दोनदा येतं. एक सापडलं की ते दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसतं आणि पुढचं दार उघडतं. शिवाय 'शब्दांचीच' हा एवढा मोठा शब्द दोनदा, आणि त्यात च पाठोपाठ च. माझ्या मते हे आदर्श कोडं.

दुसऱ्या टोकाला महात्मा फुल्यांचं 'विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले'. या चार तुकड्यांत ३४ व्यंजनं, वेगळी फक्त ८! शेपटाला शेपूट बांधलेली साखळी आहे ती. पहिल्या दिवसासाठी, मुलांसाठी झकास. अंतिम फेरीत ठेवाल तर चहा येईपर्यंत संपेल.

थोडक्यात एकूण व्यंजनं भागिले वेगळी व्यंजनं. दीडच्या खाली गेलं तर एखादं व्यंजन आधीच उघडं करून द्या. दोनच्या आसपास मजा. तीनच्या वर बालवर्ग.

---

कोपरीकर | शनिवार, रात्री ११.३४

टंकनदोष, दंडवत. वचनाचा भागाकार करायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या यादीतले निम्मे सुविचार दीडच्या खाली जातायत. आणि क्ष, ज्ञ चं काय करू? 'ज्ञानेश्वर' मध्ये ज्ञ फोडून ज आणि ञ असं दाखवलं तर लोक मारतील.

---

टंकनदोष | शनिवार, रात्री ११.४१

क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र व्यंजन धरा. आपल्या शासनमान्य वर्णमालेतही ३४ व्यंजनांच्या पुढे ही दोन वेगळी मांडलेली आहेतच. बाकी जोडाक्षरं फोडायची: 'स्त्रे' म्हणजे स, त, र.

आणि बदली अक्षर म्हणून र वापरू नका. र जोडाक्षरात शिरला की कुठे रफार होतो, कुठे खालची तिरकी रेघ, आणि कोड्याचं रूपच पालटतं. काही जुन्या फोनवर तर जोडाक्षरं मोडून हलन्त दिसतात. ग्रुपवर मजकूर टाकण्याऐवजी चित्र टाका.

---

चष्मिष्ट | रविवार, सकाळी ७.१५

रात्रीत बरीच चर्चा झालेली दिसते. शिक्षकी पेशात आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द.

गुप्त लेखन आपल्याला नवं नाही. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत प्रहेलिका, म्हणजे कोडी घालण्याची कला आहे तशी म्लेच्छितविकल्प, म्हणजे सांकेतिक लेखनाची कलाही आहे. महानुभावांनी आपले मराठी ग्रंथ सकळ लिपीत, सुंदरी लिपीत लिहून ठेवले. अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं चिन्ह, म्हणजे कोपरीकरांचाच खेळ. शतकानुशतकं ते वाङ्मय पंथाबाहेरच्यांना वाचता येत नव्हतं. त्याची दखल घेणाऱ्या पहिल्या इतिहासकारांत वि. ल. भावे होते, आणि १८९३ साली आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय उभं करणारेही तेच. तेव्हा ठाण्यात मराठी कूटकोडं म्हणजे घरचंच कार्य. छापील फेरीत अक्षरांऐवजी आकडे देणार असाल तर खेळाला 'अंकपल्लवी' हे जुनं नाव द्या.

आता वचनांबद्दल. माझी एकच अट: ज्याच्या नावावर छापाल त्याने ते म्हटल्याचा छापील आधार हातात हवा. फॉरवर्ड चालणार नाही. पु.लं.च्या आणि व.पुं.च्या नावावर जेवढी वाक्यं फिरतात तेवढी लिहायला त्यांना आणखी एक जन्म लागला असता. 'वाघिणीचं दूध' घ्या. शिक्षणाबद्दल म्हणून ते बाबासाहेबांच्या नावाने फिरतं, इंग्रजी भाषेबद्दल म्हणून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने. कुठल्या ग्रंथात, कुठल्या भाषणात, ते दाखवा आणि मग छापा. तोवर ते यादीबाहेर.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हेही पाहा. १९४२ च्या नागपूरच्या इंग्रजी भाषणात बाबासाहेबांचे शब्द 'एज्युकेट, ॲजिटेट अँड ऑर्गनाइझ' या क्रमाने आहेत. मराठीत रुजलेल्या घोषणेत संघटन आधी आलं आणि संघर्ष नंतर. कोड्यात मराठी घोषणा घ्यायची तर खाली 'प्रचलित घोषणा' असं लिहा. अवतरणचिन्हात भाषणातलं वाक्य म्हणून देऊ नका.

---

ऐरोलीची आत्या | रविवार, सकाळी ९.०५

सर, सगळं खरं. पण खेळायला माणसं बसणार आहेत, परीक्षेला नव्हे.

मी आमच्या महिला मंडळात असले खेळ घेते, तेव्हा अनुभवाचं सांगते. वचन ओळखीचं हवं, पण तोंडपाठ नको. तोंडपाठ असलं की पहिल्या दोन शब्दांवर सगळं उत्तर येतं आणि बाकीचे चिडतात. अगदीच अनोळखी असलं तर सुटल्यावर 'बरं मग?' असं तोंड करतात. सगळ्यात जास्त हशा कधी पिकतो माहितीये? वाक्याचं पहिलं अर्धं गंभीर आणि दुसऱ्या अर्ध्यात टोला असला की. म्हणी त्यासाठीच चांगल्या. 'नाचता येईना' एवढं सुटलं की अंगण आपोआप वाकडं होतं.

मात्र म्हणींच्या पुस्तकातून डोळे मिटून उचलू नका, कोपरीकर. आपल्या कितीतरी म्हणी बायकांना, जातींना, अपंगांना टोचणाऱ्या आहेत. व्यंजनं मोजताना ते ध्यानात येत नाही. हॉलमध्ये कुणीतरी मोठ्याने उत्तर वाचतं आणि समोरच्या रांगेतली बाई मान खाली घालते. माझ्यासमोर झालंय ते, म्हणून सांगते. प्रत्येक ओळ एकदा मोठ्याने वाचून बघा, सगळी सोसायटी समोर बसलीय असं धरून.

---

कोपरीकर | रविवार, सकाळी ९.५०

आत्या, हे सोन्यासारखं सांगितलंत. माझ्या यादीतल्या तीन म्हणी आत्ताच खोडल्या. लिहीत नाही कुठल्या.

---

मौनीबाबा | रविवार, सकाळी १०.३०

सर्वप्रथम धागाकर्त्याचे अभिनंदन. अत्यंत समयोचित विषय. तथापि चर्चेला एक व्यापक परिमाण देणे मला आवश्यक वाटते. आपण केवळ मराठी वचनांच्या कूपमंडूक वृत्तीत का अडकावे? जगभरातील थोर विचारवंतांचे विचार मराठीत आणून ते कोड्यांत गुंफल्यास नव्या पिढीवर संस्कार होतील. आइनस्टाइन, व्हॉल्तेअर, चाणक्य, कन्फ्यूशियस यांची प्रेरणादायी वचने माझ्यापाशी शेकड्यांनी आहेत. रोज पहाटे मी ती अकरा ग्रुपवर पाठवत असतो. कोड्याचा हेतू मनोरंजन नसून प्रबोधन असावा. शिवाय वचनाखाली दोन परिच्छेदांत त्याचे विवेचन दिल्यास वाचकांच्या ज्ञानात भर पडेल. विवेचन लिहून देण्याची माझी तयारी आहे. याविषयी अधिक लिहिता येईल, पण विस्तारभयास्तव थांबतो. (क्रमशः)

---

उपाशी बोका | रविवार, सकाळी १०.३३

'क्रमशः' वाचून चहा सांडला.

---

टंकनदोष | रविवार, सकाळी ११.१०

मौनीबाबा, भाषांतरित वचनात खेळाच्या दृष्टीने अडचण आहे. सोडवणाऱ्याने शब्द शोधायचा तर तो एकच असायला हवा. भाषांतरात 'मत', 'विचार', 'म्हणणं' यातलं काहीही बसू शकतं. अर्धं सुटलेलं वाक्य तो आठवणीने पुरं करू शकत नाही, कारण ते त्याने त्या शब्दांत कधी ऐकलेलंच नसतं. तुकोबांची ओळ मात्र कानात बसलेली असते.

आणि व्हॉल्तेअरचं म्हणाल तर 'तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन' हे बहुतेक तुमच्या यादीत असेल. ते व्हॉल्तेअरचं नाही. एव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने १९०६ मध्ये त्याच्याविषयीच्या पुस्तकात त्याची भूमिका सांगताना ते लिहिलं.

---

मौनीबाबा | रविवार, सकाळी ११.२५

विचार महत्त्वाचा, कोणी म्हटला हे गौण.

---

चष्मिष्ट | रविवार, सकाळी ११.२८

मग खाली नाव तरी कशाला लिहिता?

---

वकीलीणबाई | रविवार, दुपारी १.१५

वाशीहून सलाम. सोसायटीच्या हॉलमध्ये एखादी ओळ वापरली म्हणून कुणी नोटीस धाडेल असं नाही. पण कोपरीकरांचा भाचा तो खेळ जाहिरातींसकट फोनवर आणणार असेल तर आत्तापासून शिस्त लावलेली बरी.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. आधी ती ५० होती, १९९२ च्या दुरुस्तीने वाढली. संत, फुले (१८९०), केशवसुत (१९०५), गडकरी (१९१९), टिळक (१९२०) यांच्या बाबतीत चिंता नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून मोकळे. बाबासाहेब आणि मर्ढेकर दोघेही १९५६ मध्ये गेले, त्यांचं हयातीत छापलेलं लेखन २०१७ पासून मोकळं.

बहिणाबाईंचं थोडं वेगळं. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी छापून आली १९५२ मध्ये. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रसिद्धीपासून धरतात, म्हणून ती २०१३ पासून मोकळी.

आणि आता गंमत. ज्यांच्या जन्मदिवशी तुम्ही हा कार्यक्रम करताय त्या कुसुमाग्रजांच्या कविता २०५९ संपेपर्यंत हक्काखाली आहेत. पु.ल. २०६० संपेपर्यंत. भाषांतर असेल तर मूळ लेखकाखेरीज भाषांतरकाराचाही वेगळा हक्क असतो; मौनीबाबांनी हे लक्षात ठेवावं. म्हणींना मालक नाही, त्या बिनधास्त घ्या.

---

कोपरीकर | रविवार, दुपारी २.००

वकीलीणबाई, आभार. वाचनखूण साठवली. कुसुमाग्रज कविवाचनात येतीलच, कोड्यात नकोत.

गडकऱ्यांचं नाव निघालंच आहे तर, रंगायतनवरून जाताना 'राकट देशा, कणखर देशा, दगडांच्या देशा' हे डोक्यात आलं. भागाकार केला: १८ व्यंजनं, ११ वेगळी. फार नाही, पण 'देशा' तीनदा येतं. घेऊ का?

---

ऐरोलीची आत्या | रविवार, दुपारी २.२०

घे की. पण 'देशा' एकदा सुटलं की गोविंदाग्रज उघडे पडले. मुलांच्या फेरीत ठेव, शाळेत पाठ असेल कुणाकुणाला. आणि बहिणाबाई घेतलीस तर एक विनंती. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' यातला 'चुल्ह्यावर' प्रमाण मराठीत आणून 'चुलीवर' करू नकोस. आम्ही जळगावकडचे, तिथे ती बोली अजून घरात आहे.

---

खाडीपल्याड | रविवार, दुपारी ३.४५

लेखनाचा प्रश्न निघालाच म्हणून. मात्रा उघड्या ठेवायच्या तर कुठल्या लेखनाच्या? संतवाङ्मयाच्या जुन्या प्रतीत 'आधीं केलेंचि' असे अनुस्वार आहेत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते अनुच्चारित अनुस्वार गेले. फुल्यांच्या मूळ छपाईत 'मति', 'नीति', 'गति' ऱ्हस्व आहेत. आजच्या नियमाने 'मती', 'नीती', 'गती'. कोड्यात हे फार महत्त्वाचं, कारण दोन अक्षरी शब्दाची वेलांटी पहिली की दुसरी यावर तर सोडवणारा अंदाज बांधतो. टिळकांच्या वाक्यात 'मिळवणारच' की 'मिळविणारच' हा घोळ आहेच. एका वेलांटीने शब्द फसतो.

---

चष्मिष्ट | रविवार, सायंकाळी ५.१०

मूळ लेखन. प्रश्नच नाही. ज्याने जसं लिहिलं तसं.

---

कोपरीकर | रविवार, सायंकाळी ५.३०

सर, तुमचा मान राखून, अंतिम फेरीत सातवीतली मुलं आहेत. 'आधीं' वरचा टिंब बघून ती 'आधीं' असा शब्दच नाही म्हणून सोडून देतील. मी आजच्या नियमांनी लिहिणार आणि तळाशी तसं सांगणार. 'केलेचि', 'आपुले' असे जुने शब्द मात्र तसेच ठेवतो, कारण ते बदलले की ओळच मरते.

---

चष्मिष्ट | रविवार, सायंकाळी ५.३४

मला पटलेलं नाही. पण तळाशी सांगणार असाल तर भांडत नाही.

---

टंकनदोष | रविवार, रात्री ९.००

आज दुपारभर मात्रांकडे बघत बसलो. स्वर उघडे ठेवल्यामुळे मराठीत काही शब्द स्वतःहून ओरडून आपलं नाव सांगतात. 'आ' नंतर एक व्यंजन ऱ्हस्व वेलांटीचं, तर तो 'आणि'. 'आ' नंतर एका मात्रेचं व्यंजन, तर बहुधा 'आहे'. अशा एका शब्दावर ण आणि दुसऱ्यावर ह फुकट मिळतो. पसायदानातली 'जो जे वांछील तो ते लाहो' ही ओळ तर दार सताड उघडं टाकते: एकाक्षरी शब्द चार, त्यांत व्यंजनं दोनच, ज आणि त.

तुकोबांच्या अभंगाचा शेवटचा चरण घेऊ नका. 'तुका म्हणे' ची खूण, म्हणजे पहिला उकार मग काना, मग जोडाक्षर आणि मात्रा, आंधळासुद्धा ओळखेल. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेश फोडताना ठरावीक ठिकाणी येणारे ठरावीक शब्द धरूनच सुरुवात करत. आपल्या संतांनी ती सोय प्रत्येक अभंगात करून ठेवली आहे. 'एका जनार्दनी' चंही तेच.

बाकी वारंवारतेचं शास्त्र आहेच. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाच्या पंडिताने सांगून ठेवलं की कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजा. पण तीस व्यंजनांच्या मराठी ओळीत मोजून फारसं हाती लागत नाही. त, न, र, ल भरपूर येतात एवढंच. इथे मात्राच जास्त बोलतात.

एक कोडं टाकतो. भागाकार दोन, म्हणजे २८ व्यंजनं आणि १४ वेगळी. माझ्या मते मध्यम. किती वेळ लागतो सांगा:

दला गट्टला हप्बिखंनेयि टामे,
बकी त्कीसकी खामिटेबो ग्महामे

---

ऐरोलीची आत्या | रविवार, रात्री ९.०६

मना सज्जना भक्तिपंथेचि जावे, तरी श्रीहरी पाविजेतो स्वभावे.

---

टंकनदोष | रविवार, रात्री ९.०७

आत्या!! कसं?

---

ऐरोलीची आत्या | रविवार, रात्री ९.१२

अक्षरं बघितलीच नाहीत. मोठ्याने वाचलं, 'दला गट्टला' ला आपोआप चाल लागली. मनाच्या श्लोकांची चाल. लहानपणी संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणायचो ना. चाल लागल्यावर सुरुवातीचाच श्लोक आठवणार, दुसरं काय. आमच्या सासूबाई आतून म्हणाल्या, कोण असं बोबडं म्हणतंय?

---

चष्मिष्ट | रविवार, रात्री ९.४०

वा! टंकनदोष, तुमच्या भागाकारात हे बसत नाही बघा. मात्रा आणि जोडाक्षरं जागच्या जागी ठेवलीत, म्हणजे लघु-गुरू शाबूत राहिले, म्हणजे वृत्त शाबूत राहिलं. भुजंगप्रयात. चरणात बारा अक्षरं, लघु-गुरू-गुरू असे चार गण. मनाचे दोनशेपाच श्लोक त्याच वृत्तात आहेत. व्यंजनं कितीही बदला, ठेका लपत नाही.

म्हणून कोपरीकर, पद्य वचनं दोन गठ्ठ्यांत विभागा. मनाचे श्लोक, आरत्या, शाळेतल्या कविता यांसारखी पक्क्या चालीची पद्यं सोप्या गठ्ठ्यात, भागाकार काहीही येवो. ओवी-अभंग मधल्या गठ्ठ्यात. ठेका असतो पण सैल. आणि खरं अवघड कोडं हवं असेल तर गद्य घ्या. साने गुरुजी, आगरकर, लोकहितवादी यांच्या गद्यातलं एखादं सुबक वाक्य. त्याला कुठलीच चाल लागत नाही, आत्या कितीही म्हणोत.

---

टंकनदोष | रविवार, रात्री ९.५५

हे भारी आहे. इंग्रजी कोड्यांत स्वरही बदलतात, त्यामुळे तिथे ठेका असा उघडा पडत नाही. भागाकार एका स्तंभात, चाल दुसऱ्या स्तंभात, अशी यादी करू.

---

मौनीबाबा | रविवार, रात्री १०.१५

वृत्तांविषयी चर्चा निघालीच आहे तर वृत्तदर्पणाच्या परंपरेपासून मुक्तछंदापर्यंतचा प्रवास मी थोडक्यात मांडू इच्छितो. छंदःशास्त्राचे मूळ पिंगलाचार्यांच्या सूत्रांत आढळते. तेथपासून प्रारंभ करून पुढील सहा प्रतिसादांत क्रमाक्रमाने...

(प्रतिसादाची कमाल लांबी ओलांडल्याने उर्वरित मजकूर दिसत नाही.)

---

खाडीपल्याड | रविवार, रात्री १०.२२

कोपरीकर, छापील फेरीसाठी सूचना. उत्तरं लिहायला प्रत्येक अक्षराची चौकट मोठी ठेवा. जोडाक्षर आणि त्यावर अनुस्वार बसला पाहिजे. आमच्याकडच्या स्पर्धेत चौकटी शब्दकोड्याच्या मापाच्या होत्या, ज्येष्ठांनी पेन्सिली टाकल्या. आणि खाली वचन कुणाचं हे ओळखायला एक जादा गुण ठेवा. वचन सुटूनही नावावर वाद होतात, त्यात खरी रंगत.

---

कोपरीकर | रविवार, रात्री १०.५०

मंडळी, आत्तापर्यंतचं असं ठरतंय. पहिला आठवडा म्हणी आणि फुले. मग मनाचे श्लोक, 'महाराष्ट्र देशा', बहिणाबाई, चालीमुळे सुटतील अशा ओळी. तिसऱ्या आठवड्यात अभंग, मात्र नाममुद्रेचा ('तुका म्हणे' वगैरेंचा) चरण वगळून. अंतिम फेरीला गद्य. 'शब्दांचीच रत्ने' २७ तारखेच्या सकाळी ग्रुपवर. टिळकांचं वाक्य छापील प्रत बघितल्याशिवाय नाही; त्यासाठी सर आणि मी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसतो. आगरकरांचंही तिथेच शोधू.

नाव 'अंकपल्लवी' पक्कं. कमिटीच्या सेक्रेटरींनी विचारलंय, यात बक्षीस काय. मी म्हटलं पुस्तक. ते म्हणाले स्टीलचा डबा द्या, लोक येतील.

---

ऐरोलीची आत्या | रविवार, रात्री १०.५८

डब्यात पुस्तक घालून दे.

---

उपाशी बोका | रविवार, रात्री ११.०४

डब्यात लाडू घाला.

माझ्याकडूनही पहिल्या आठवड्यासाठी एक. म्हण आहे, मालक नाही, वकीलीणबाईंची हरकत नसावी. १३ व्यंजनं, १० वेगळी, म्हणजे भागाकाराने अवघड. पण तिसऱ्या शब्दात एक जोडी लागोपाठ दोनदा येते तिकडे बघा. मौनीबाबांना सप्रेम भेट. उत्तर इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा:

उचन काम्हागा घनघनाब साज